तळे, वाटे आणि राखीव जागा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा विषयाचे बंधन घातले नाही. इतिहासाच्या शिक्षकाकडून अशा ग्रंथात बहुधा चरित्रपर किंवा चळवळीच्या आठवणींचा लेख अपेक्षित असतो. तसे लेख माझे सहकारी लिहीत आहेत आणि तो त्यांचा अधिकार आहे. मी मात्र माझ्या घरातील एका यंत्राविषयी लिहिण्याचे ठरविले आहे. जिन्याखालच्या कोनाड्यात गेली सहा वर्षे ते अहोरात्र चालू आहे. एका कार्यालयाने मोडीत काढलेला संगणक, त्यात चार हार्ड डिस्क, शेजारी एक यूपीएस, एवढेच त्याचे रूप. संगणकाच्या भाषेत याला घरगुती सर्व्हर म्हणतात. माझी पत्नी त्याला ‘कोठी’ म्हणते आणि मला तो शब्द अधिक योग्य वाटतो. कोठीत धान्य किती मावते यापेक्षा कोणते धान्य कोठे आणि किती काळ ठेवायचे, हा प्रश्न मोठा असतो.

या कोठीत काय आहे, ते आधी सांगितले पाहिजे. १९९३ साली मी औरंगाबादच्या विद्यापीठात एम.ए.च्या वर्गात होतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत आपल्या वस्त्यांवर जे गुदरले, त्याला तेव्हा पंधरा वर्षे होत आली होती. वर्तमानपत्रांची कात्रणे ग्रंथालयात मिळत होती. मला हवे होते ते ज्यांची घरे जळाली त्यांचे स्वतःचे शब्द. एका मित्राचा टेपरेकॉर्डर मागून घेऊन मी सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊ लागलो. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, पुढे माझी पदवी झाली, शिक्षकाची नोकरी लागली, तरी ते काम थांबले नाही. १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमीची कामे, पहिल्या पिढीची शाळा, जात्यावरील ओव्या, जलशातील गाणी, धम्मदीक्षेनंतर घरातील देव्हारा कसा व केव्हा हलला त्याच्या हकिकती, असे विषय वाढत गेले. आज माझ्याकडे साठ मिनिटांच्या ३४० कॅसेट आहेत, तासाभराच्या ६० मिनी-डीव्ही फिती आहेत आणि हस्तपत्रके, लग्नपत्रिका, सभांच्या जाहिराती, पत्रे, मंडळांचे हिशेब अशी सुमारे सहा हजार पाने आहेत.

ध्वनिमुद्रण सुरू करण्यापूर्वी मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारीत असे, की हे कोणाला ऐकवू? उत्तरे तीन प्रकारची आली. बहुतेकांनी सांगितले, सगळ्यांना ऐकवा. काहींनी सांगितले, आमच्या मुलाबाळांना विचारून ऐकवा. आणि तीसेक जणांनी, त्यांत स्त्रिया अधिक, सांगितले की आम्ही असेतो कोणालाच नाही. एक आजी म्हणाल्या होत्या, “मास्तर, ज्यानं काडी लावली त्याच्याच रानात आमी अजून रोजानं जातो. माझं बोलणं तुमच्या घरात राहू द्या. म्या गेल्यावर काय करायचं ते करा.” मी होकार दिला होता. पुढे जी तांत्रिक आखणी सांगणार आहे, तिच्या मुळाशी हा होकार आहे. हे सर्व एखाद्या मोठ्या कंपनीच्या ऑनलाइन साठ्यात का ठेवीत नाही, असे तरुण शिक्षक मला विचारतात. भाडे वर्षानुवर्षे भरत राहावे लागते, हे एक कारण आहेच. खरे कारण ‘तुमच्या घरात’ या दोन शब्दांत आहे.

कॅसेट हे नाशवंत साधन आहे. फितीच्या मागे जी लहानशी नमद्याची गादी असते, तिचा डिंक सुकतो आणि ती गळून पडते. पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते. वाजविणाऱ्या यंत्राचे रबरी पट्टे सैल होतात व नवी यंत्रे बाजारात जवळजवळ उरलेली नाहीत. म्हणून सर्व काही संगणकावर उतरवून घेणे भाग होते. उतरवायचे म्हटल्यावर जागेचा हिशेब आला, आणि तो अंदाजाने करू नये असे माझे मत आहे. दर सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा आणि दोन वाहिन्या, या मानाने वेव्ह स्वरूपातील ध्वनी तासाला साधारण एक जीबी जागा घेतो. म्हणजे ३४० कॅसेटसाठी साडेतीनशे जीबी. ए-फोर आकाराचे पान इंचाला ६०० बिंदूंनी रंगीत स्कॅन केले व न दाबता ठेवले, तर एकेक पान १०४ एमबी होते. सहा हजार पानांचे सव्वासहाशे जीबी झाले. मिनी-डीव्हीची फीत तासाला १३ जीबी घेते, म्हणजे साठ फितींचे ७८० जीबी. एकूण बेरीज पावणेदोन टीबी. एमपी-थ्री करून हे सारे एका पेनड्राइव्हवर मावले असते, हे मला ठाऊक आहे. परंतु मूळ साधन आणि त्याची नक्कल यांतील भेद इतिहासाच्या पहिल्याच तासिकेला शिकवितात. एमपी-थ्री ऐकण्यासाठी असते. दाबून फेकलेला आवाज पुन्हा परत येत नाही. आजीच्या बोलण्यामागे चुलीचा, कोंबड्यांचा, दूरच्या एस.टी.चा जो आवाज आहे, त्याचाही कोणी उद्या अभ्यास करील.

पावणेदोन टीबीसाठी चार-चार टीबीच्या चार डिस्क घेतल्या, तेव्हा दुकानदाराला ती उधळपट्टी वाटली. चारपैकी दोन एका दुकानातून व दोन दुसऱ्या शहरातील दुकानातून, वेगळ्या बनावटीच्या घेतल्या. एकाच घाण्यातून निघालेल्या डिस्क एकाच सुमारास आजारी पडण्याचा संभव असतो. खरेदीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. काही डिस्कमध्ये लिखाणाच्या पट्ट्या घराच्या कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढवून बसविलेल्या असतात. त्यामुळे जागा वाढते, परंतु मधले एक कौल बदलायचे तर शेजारची कौलेही उचलावी लागतात, तशी त्या डिस्कवर फेरलिखाणाची गती मंदावते. मी ज्या पद्धतीने साठा करणार होतो तिला अशा डिस्क मानवत नाहीत. एवढी दक्षता घेऊनही संगणकाने चार टीबीच्या डिस्कची जागा ३.६४ अशीच दाखविली. यात फसवणूक नाही. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो व संगणक १०२४ च्या पटीने मोजतो. पायली आणि किलो यांच्यातील जुन्या भांडणासारखे हे आहे.

आता वाटण्या. संगणकावर डिस्कचे भाग पाडण्याला पार्टिशन म्हणतात. आमच्या पिढीच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो शब्द ऐकला की १९४७ आठवते. पण इथे तो साधा, भाऊबंदकीतील वाटणीच्या अर्थाने आहे. १९८३ पासून पर्सनल संगणकात जी वाटणीची पद्धत चालत आली, तिच्या कोष्टकात मुख्य वाटे चारच मांडता येत आणि नेहमीच्या ५१२ बाइटच्या हिशेबाने दोन टीबीच्या पलीकडील जमीन त्या सातबाऱ्यावर चढतच नसे. आता जी नवी पद्धत आहे तिचे नाव जीपीटी. हल्ली मुले ज्याच्याकडून निबंध लिहून घेतात त्याच्याशी तिचा काहीही संबंध नाही. या पद्धतीत १२८ वाटे सहज मांडता येतात आणि वाटणीपत्राची एक प्रत डिस्कच्या आरंभी व दुसरी अखेरीस ठेवलेली असते. ही दुसरी प्रत मला फार आवडली.

संगणक ज्या आज्ञावलीवर चालतो तिच्यासाठी मी अडीचशे जीबीची वेगळी लहान एसएसडी ठेवली. तिच्यावर तीनच वाटे पाडले. संगणक सुरू होण्यासाठी एक जीबी, डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी साठ जीबी आणि स्मृती अपुरी पडल्यास उसनवारीसाठी सोळा जीबी. उरलेली जागा तशीच पडीक ठेवली. एसएसडीला आपली झीज सगळीकडे सारखी पसरविण्यासाठी मोकळी जागा लागते. आज्ञावली आणि संग्रह एकाच डिस्कवर ठेवू नयेत, या मताचा मी आहे. आज्ञावली बिघडली तर दुपारभरात नव्याने बसविता येते. संग्रहाला मात्र त्या दुरुस्तीची झळ लागता कामा नये.

चार मोठ्या डिस्कचा विचार करायला मला उन्हाळ्याची अख्खी सुट्टी लागली. जुनी रीत अशी, की एक टीबी आवाजासाठी, एक कागदांसाठी, अर्धा घरातील छायाचित्रांसाठी, अशा पक्क्या भिंती घालायच्या. या रीतीचा दोष वापरात कळतो. कागदांचा वाटा तुडुंब भरतो, शेजारी आवाजांचा वाटा अर्धा रिकामा असतो आणि मधली भिंत हलविता येत नाही. प्रत्येक आळीला आपापली विहीर असावी व उन्हाळ्यात एक आटली तरी दुसरीला दोर लावण्याची सोय नसावी, तसे हे आहे. याला पर्याय म्हणून साठ्याचे तळे करतात. इंग्रजीत त्याला पूल हाच शब्द आहे. सर्व डिस्क मिळून एक तळे होते. त्यातून डेटासेट नावाचे वाटे हवे तितके काढता येतात, त्यांना आधीपासून ठरलेले आकारमान नसते, आणि मोकळी जागा सर्वांची मिळून एकच असते. झेडएफएस या पद्धतीने ही कल्पना रूढ केली. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत तिचे काम २००१ साली सुरू झाले, २००५ साली तिची संहिता खुली झाली, आणि आज ती ओपनझेडएफएस या नावाने कोणालाही विनामूल्य वापरता येते.

तळे म्हटल्यावर या स्मरणिकेच्या वाचकाला कोणते तळे आठवेल, हे सांगायला नको. मी तो प्रसंग दरवर्षी शिकवितो आणि त्यातील एक तपशील मुलांकडून आवर्जून पाठ करून घेतो. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्याला कोणाची ओंजळ लागली नाही. सामायिक असे नाव दिल्याने वस्तू सामायिक होत नाही. साठ्याच्या तळ्याचेही तसेच आहे. ज्याला मोठ्याने पिता येते तो सारे पितो. माझ्या घरात हा धोका चित्रपटांचा होता. मुलगी आणि पुतण्या यांनी घरातील दूरचित्रवाणीवर पाहण्यासाठी चित्रपट व मालिका साठवायला सुरुवात केली, तेव्हा त्या वाट्याची भूक महिन्याला शेकडो जीबी होती. कॅसेट उतरविण्याचे काम मात्र रविवारी दोन, फार तर तीन कॅसेट, या गतीने चालते. कारण एक तासाची कॅसेट उतरवायला एक तासच लागतो. माझ्या शेवटच्या कॅसेटची पाळी येईपर्यंत तळे चित्रपटांनी भरलेले असते.

झेडएफएसमध्ये यासाठी दोन तरतुदी आहेत, आणि त्यांची नावे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. एकीचे नाव कोटा, दुसरीचे रिझर्वेशन. आपल्याकडे बोलताना लोक हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, आणि पुष्कळदा नाक मुरडून वापरतात. या यंत्रात त्यांचे अर्थ परस्परविरुद्ध आहेत. कोटा म्हणजे कमाल मर्यादा, यापुढे तू घेऊ शकत नाहीस. रिझर्वेशन म्हणजे किमान हमी, एवढे तुझे आहे आणि तू आज वापरले नाहीस तरी ते दुसऱ्याला मिळणार नाही. राखीव जागा ठेवली की इतर वाट्यांना दिसणारी मोकळी जागा त्याच क्षणी तेवढ्याने कमी होते. पुतण्याने पहिल्याच दिवशी विचारले, “काका, डिस्क तर रिकामी आहे, मग जागा नाही असं का सांगते?” मी त्याला सांगितले, की ती रिकामी नाही, ती थांबलेली आहे. ज्यांना यायला उशीर होणार हे आधीच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, आणि ही संज्ञा ज्या अर्थाने त्याच्या महाविद्यालयाच्या उपाहारगृहात चघळली जाते तो अर्थ त्याला ठाऊक होता. तो काही बोलला नाही. पुढे त्यानेच स्वतःच्या चित्रपटांच्या वाट्याला एक टीबीचा कोटा लावून दिला.

आखणी अशी झाली. आवाज व चलच्चित्रे यांच्या वाट्याला दोन टीबी राखीव. कागदांना दीड टीबी राखीव. घरातील छायाचित्रांना सव्वा टीबीचा कोटा, कारण मोबाइलमुळे आता एकेका वाढदिवसाची चारशे छायाचित्रे येतात. चित्रपटांना एक टीबीचा कोटा. तळे पूर्ण भरू द्यायचे नाही, ऐंशी टक्क्यांच्या वर गेले की लिखाण मंदावते. म्हणून सव्वासात टीबीच्या तळ्यात पावणेसहा टीबीपर्यंतच हिशेब धरला.

सव्वासातच का, असे कोणी विचारील. चार डिस्कची बेरीज तर साडेचौदा होते. अर्धी जागा आरशांत गेली. दोन-दोन डिस्कच्या दोन जोड्या केल्या. प्रत्येक जोडीत एकीवर जे लिहिले जाते तेच दुसरीवर. दुसरा मार्गही होता, ज्यात चारांपैकी कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी संग्रह वाचतो आणि जागा तेवढीच मिळते. माझ्या जोड्यांमध्ये दोन डिस्क एकाच जोडीतील निघाल्या तर सारे तळे आटते. कागदावर तो दुसरा मार्ग सरस आहे. तरीही मी जोड्या निवडल्या, कारण जोडीतील डिस्क बदलणे सोपे व जलद असते, आणि पुढे जागा वाढवायची तर दोनच डिस्क विकत घ्याव्या लागतात. शिक्षकाच्या पगारात चार डिस्क एका वेळी पुन्हा घेणे होत नाही. काही निवडी एकदाच करता येतात, त्यांवर मात्र अधिक वेळ घालवला. डिस्कवरील लेखनाचा लहानात लहान ठोकळा ४०९६ बाइटचा धरायचा, हे जोडी तयार होतानाच सांगावे लागते, मागाहून बदलत नाही. प्रत्येक डिस्कच्या अखेरीस थोडी जागा मोकळी सोडली. दुसऱ्या बनावटीची चार टीबीची डिस्क काही एमबीने लहान निघाली, तर ती बदली म्हणून बसणारच नाही. आणि डिस्क ओळखायच्या त्या त्यांच्या अनुक्रमांकाने. संगणक त्यांना जी पहिली, दुसरी अशी नावे देतो, ती तार बदलली की बदलतात. ते क्रमांक मी पांढऱ्या पट्टीवर लिहून डिस्कवर चिकटविले आहेत.

मराठी माणसाला यात एक वेगळी अडचण येते, तिच्याविषयी कोठे फारसे लिहिलेले दिसत नाही. फाइलीच्या नावाची सर्वसाधारण मर्यादा २५५ बाइट असते. रोमन अक्षर एक बाइट घेते, देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सर्व वेगळी चिन्हे धरली जातात. म्हणजे आपल्याला ८५ चिन्हेच मिळतात. गाव, तालुका, सांगणाऱ्याचे नाव, विषय, तारीख असे लिहू लागले की ती संपतात. दुसरी अडचण ‘ऱ’ ची. ‘कऱ्हाड’ किंवा ‘दऱ्या’ यातील हा ‘ऱ’ एकाच चिन्हाने लिहिता येतो, किंवा ‘र’ खाली नुक्ता देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते वेगळे. शोध घेतला तर निम्म्या फाइली सापडत नाहीत. झेडएफएसमध्ये अशी दोन रूपे एकच मानण्याची सोय आहे. तीही वाटा तयार करतानाच द्यावी लागते. परंतु हाच ‘ऱ’ साध्या ‘र’ ला हलन्त व एक अदृश्य सांधा जोडूनही टंकित करता येतो, आणि त्या तिसऱ्या रूपाला ही सोय लागू पडत नाही. शेवटी मी फाइलींना फक्त अनुक्रमांक दिले आणि देवनागरी माहिती वेगळ्या नोंदवहीत ठेवली. ग्रंथपालांनी हे शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलेले आहे.

‘आम्ही असेतो कोणालाच नाही’ असे सांगणाऱ्यांचा वाटा निराळा आहे. तो कूटबद्ध आहे. कूटबद्धता त्या वाट्यापुरतीच आहे आणि ती वाटा जन्मतानाच दिलेली आहे. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले, की किल्लीचा वाक्यांश टंकित केल्याशिवाय तो वाटा उघडत नाही. उद्या कोणी यंत्रच उचलून नेले, तरी आजीचे बोलणे त्याला ऐकू येणार नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यंत्र सर्व साठा आरंभापासून अखेरपर्यंत वाचून तपासते. याला स्क्रब, म्हणजे घासणे, म्हणतात. प्रत्येक ठोकळ्याची एक मोहोर असते, ती ठोकळ्यापाशी न ठेवता त्याच्या वरच्या पायरीवर ठेवलेली असते. ठोकळा वाचायचा, त्यावरून मोहोर पुन्हा काढायची, नोंदीशी ताडून पाहायची. जुन्या पत्रांच्या शेवटी मोर्तबाची लहान मोहोर उमटवीत, पुढे कोणी ओळ घुसडू नये म्हणून; तिचीच ही आठवण. मोहोर जुळली नाही तर यंत्र जोडीतील दुसऱ्या डिस्कवरील प्रत घेते आणि पहिली दुरुस्त करते. तिसऱ्या वर्षी एका डिस्कवर अशा दुरुस्त्या दिसू लागल्या. पहिल्या महिन्यात चार, दुसऱ्या महिन्यात एकशे दहा. वॉरंटी संपून अडीच महिने झाले होते, तेव्हा विक्रेत्याने नम्रपणे हात वर केले. नवी डिस्क आणून बसविली. जोडी पुन्हा भरून काढण्याच्या क्रियेला रिसिल्व्हर असा शब्द आहे. जुन्या आरशाच्या पाठीचा मुलामा उडाला की तो पुन्हा चढवितात, त्यावरून हा शब्द आला. त्याला साडेचार तास लागले. त्या साडेचार तासांत संग्रहाच्या निम्म्या भागाची तळ्यात एकच प्रत होती. वीज जाऊ नये म्हणून नव्हे, त्यासाठी यूपीएस होता, पण मला उठवेना. पत्नीने जेवणाचे ताट तेथेच आणून दिले.

आरसा म्हणजे दुसरी प्रत नव्हे, हे अनेक जाणत्या माणसांनाही पटत नाही. एका डिस्कवरून खोडले की त्याच क्षणी दुसरीवरूनही खोडले जाते. गेल्या वर्षी पाहुण्या आलेल्या एका लहानग्याने दूरचित्रवाणीच्या पेटीवरून लग्नाच्या छायाचित्रांचा अख्खा फोल्डर काढून टाकला. तो स्नॅपशॉटमधून दोन मिनिटांत परत आला. स्नॅपशॉट म्हणजे त्या घटकेचे साठ्याचे चित्र. नवे लिखाण जुन्यावर न करता नव्या जागी होत असल्याने जुने तसेच राहते. माझ्याकडे रोजचे तीस व महिन्याचे बारा असे स्नॅपशॉट टिकतात. मात्र स्नॅपशॉट त्याच तळ्यात असतो. घराला आग लागली, पूर आला, तर तळे आणि त्याचे चित्र एकत्रच जातात.

म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा सर्वमान्य नियम पाळतो. एक प्रत तळ्यात. निवडक ध्वनिफिती ब्ल्यू-रे तबकड्यांवर. तिसरी प्रत एका सुट्या डिस्कवर, जी दर तीन महिन्यांनी नागपूरला बहिणीकडे जाते व तेथील आधीची डिस्क परत येते. मागच्या वेळेपासून जे बदलले तेवढेच त्या डिस्कवर पाठविण्याची सोय असल्याने एक संध्याकाळ पुरते. बंद वाट्याची अडचण येथे येणार असे मला वाटले होते, कारण ‘तुमच्या घरात’ ही अट बहिणीच्या घराला लागू होत नाही. परंतु कूटबद्ध वाटा न उघडता, आहे तसाच, मुद्रा न फोडता पाठविता येतो. घेणाऱ्याकडे किल्ली असण्याची गरज नसते. बहिणीच्या कपाटात ती डिस्क आहे आणि तिच्यातील शब्द माझ्याच घरात आहेत.

किल्ली हरवली तर तो वाटा जगातील कोणालाही उघडता येणार नाही. मी आता छप्पन्न वर्षांचा आहे. वाक्यांश दोन पाकिटांत लाखेने बंद करून एक मुलीकडे व एक वकिली करणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याकडे दिले आहे. सोबत एक यादीही दिली आहे. कोणी काय अट घातली, कोणत्या गावात कोणाकडे चौकशी करायची, कोण हयात आहे. त्या यादीतील तीस नावांपैकी सतरा आता हयात नाहीत. निधनाची वार्ता आली की मी प्रथम त्या घरी जाऊन येतो. मग महिनाभराने मुलांना विचारतो आणि ते ध्वनिमुद्रण बंद वाट्यातून खुल्या वाट्यात नेतो. एका वाट्यातून दुसऱ्यात हलविणे म्हणजे प्रत्यक्षात नवी प्रत काढणे आणि जुनी पुसणे. मोहोर जुळली हे पाहिल्यावाचून मी जुनी पुसत नाही. दोन कुटुंबांनी नकार दिला, ती ध्वनिमुद्रणे बंदच आहेत. त्या आजींच्या नातीने स्वतः येऊन पूर्ण पन्नास मिनिटे ऐकली, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन गेली.

येत्या उन्हाळ्यात पहिल्या जोडीतील दोन्ही डिस्क बदलून आठ-आठ टीबीच्या घालण्याचा विचार आहे. एक बदलायची, भरू द्यायची, मग दुसरी. दोन्ही झाल्या की तळे आपोआप मोठे होते. आपल्या शाळेच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात जुन्या स्मरणिका, वसतिगृहाची हस्तलिखिते आणि स्नेहसंमेलनांची छायाचित्रे आहेत. मुख्याध्यापकांनी ती स्कॅन करण्यास परवानगी दिली आहे. मी मोजली, अकराशे पाने भरतात. म्हणजे साधारण ११५ जीबी. कागदांच्या वाट्यात तेवढी जागा राखून ठेवली आहे.